कुत्र्या-मांजराच्या लसी: कधी, किती, आणि तो शेवटचा डोस का चुकवायचा नाही

तेरा आठवड्यांचं लॅब्राडॉरचं पिल्लू, दोन डोस झालेले, तिसरा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून राहिलेला. रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन, सकाळपासून उलट्या होतायत आणि आता रक्ताचे जुलाब सुरू झालेत, आणि बाई एकच वाक्य परत परत म्हणतेय, अगं पण लस दिली होती ना त्याला. पार्वोच निघाला, पिल्लांच्या आतड्यावर तुटून पडणारा व्हायरस. पाच दिवस सलाईनवर होतं पिल्लू, वाचलं, पण क्लिनिकच्या बाकावर आम्ही दोघींनी आळीपाळीने काढलेल्या त्या रात्री अजून आठवतात, आणि तो वास, पार्वोच्या जुलाबाला एक वेगळाच कुबट वास असतो, एकदा नाकात बसला की जात नाही.

तिने लस दिली नव्हती असं नाहीये, दिली होती, आणि म्हणूनच ती बिनधास्त होती. लस द्यायची असते हे आता सगळ्यांना माहितीये, त्यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही. गडबड होते ती तारखांमध्ये. म्हणून मी इथे तारखांवरच जास्त बोलणार आहे, रोगांची नावं मधे मधे येतीलच.

तीच लस तीन-चार वेळा कशासाठी

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं शेड्यूल पाठ करावं लागत नाही. पिल्लू जन्मल्यावर पहिल्या दिवसभरात आईचा चीक पितं, त्या चिकातून आईच्या अँटिबॉडीज पिल्लाच्या रक्तात जातात आणि पहिले काही आठवडे तेच त्याचं चिलखत. आईला वेळेवर लसी झालेल्या असतील तर चिलखत जाड, नसतील तर पातळ, आणि ज्या पिल्लाला चीक मिळालाच नाही त्याला काहीच नाही.

आता गंमत अशी की लसीतला दुबळा केलेला व्हायरस शरीरात गेला की ह्याच आईच्या अँटिबॉडीज त्याला शत्रू समजून तिथल्या तिथे संपवतात. पिल्लाच्या स्वतःच्या शरीराला काही शिकायला मिळतच नाही. म्हणजे सुई टोचली, कार्डावर सही झाली, आपण पेढे वाटायच्या मूडमध्ये, आणि आत काहीच झालेलं नाही.

ह्या आईकडच्या अँटिबॉडीज हळूहळू उतरत जातात पण कधी पूर्ण उतरतील ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं, एकाच वेतातल्या भावंडांमध्येसुद्धा फरक पडतो, कुणाचं सहा-आठ आठवड्यांत तर कुणाचं बारा, कुणाचं थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत. आणि मधे एक वाईट पट्टा असतो, अँटिबॉडीज इतक्या कमी झालेल्या की रोग अडवू शकत नाहीत पण इतक्या शिल्लक की लसीला मात्र अडवतात. मैत्रिणीचं पिल्लू बहुतेक त्याच पट्ट्यात सापडलं.

त्यामुळे आपण तीन-चार डोस देतो ते एकावर एक थर चढवायला नाही. प्रत्येक डोस म्हणजे दार वाजवून बघणं आहे, उघडलंय का, नाही, परत तीन आठवड्यांनी बघू. आणि शेवटचं दार १६ आठवड्यांच्या आधी वाजवून उपयोग नाही कारण तोवर काही पिल्लांचं बंदच असतं. हाच तो डोस जो लोक चुकवतात, कारण तोपर्यंत पिल्लू मोठं झालेलं असतं, चावून चपला संपवत असतं, एकदम ठणठणीत दिसतं.

तर मग तारखा अशा धरा

कुत्र्याच्या पिल्लाला पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांचं झालं की. मग दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचा, आणि हे चालू ठेवायचं वय १६ आठवडे किंवा त्याहून जास्त होईपर्यंत. किती डोस होतील ते कधी सुरू केलं त्यावर, आठव्या आठवड्यात सुरू केलं आणि चार-चार आठवड्यांनी दिले तर ८, १२, १६ असे तीन, सहाव्यात सुरू केलं तर ६, १०, १४, १८ असे चार. "तीन डोसचा कोर्स" असं डोक्यात ठेवू नका, "सोळा आठवड्यांपर्यंतचा कोर्स" असं ठेवा. कुणी ६, ९, १२ देऊन "झालं तुमचं" म्हणालं तर सरळ विचारा, डॉक्टर सोळाव्याला अजून एक देऊया का.

रेबीजचं वेगळं, ते साधारण १२ आठवड्यांचं झाल्यावर, मग एक वर्षाने बूस्टर, आणि त्यापुढे दरवर्षी की तीन वर्षांनी हे लसीच्या लेबलवर आणि तुम्ही राहता तिथल्या कायद्यावर. कायदा दरवर्षी म्हणत असेल तर दरवर्षी, तिथे स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

अजून एक डोस आहे जो खूप जणांना माहितीच नसतो. पूर्वी पपीचा कोर्स संपला की पुढचा बूस्टर थेट वर्षाचं झाल्यावर असायचा. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०२४ च्या गाइडलाइन्स सांगतात की तोपर्यंत थांबू नका, २६ आठवड्यांचं झालं की, म्हणजे साधारण सहा महिन्यांचं, तेव्हा किंवा त्यानंतर लवकरच तो द्या. कारण सोपंय, सोळाव्या आठवड्यालाही ज्या मोजक्या पिल्लांत आईच्या अँटिबॉडीज शिल्लक होत्या ती पिल्लं वर्षभर उघडी राहण्यापेक्षा सहाव्या महिन्यातच पकडली जातात.

त्यानंतर मुख्य लसी, म्हणजे डिस्टेंपर, हिपॅटायटिस, पार्वो, ह्यांना दरवर्षीची गरज नसते, तीन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा चालतं असं हीच गाइडलाइन म्हणते. पण "तीन वर्षांनी एकदा" ऐकून लगेच खुश होऊ नका, लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून येणारा रोग) आणि केनेल कफची (कुत्र्यांचा एकमेकांना लागणारा खोकला) लस वर्षभरच पुरते, त्यामुळे वर्षातून एकदा क्लिनिकची वारी सुटत नाही आणि सुटूही नये, दात, वजन, हृदय सगळं त्याच वेळी बघून होतं.

बाटलीत असतं काय

बाटलीवर सेव्हन इन वन, नाइन इन वन असं काहीतरी असतं आणि लोकांना वाटतं आकडा मोठा म्हणजे लस भारी. तसं नसतं हो. बऱ्याचदा तो आकडा लेप्टोचे वेगवेगळे प्रकार एकेक मोजून फुगवलेला असतो, कधी त्यात कोरोनाव्हायरसची लस असते (कुत्र्यांच्या पोटाचा कोरोना, माणसांचा नाही) जी द्यायची शिफारसच नाहीये. आकडा सोडा, आत पार्वो, डिस्टेंपर आणि अ‍ॅडिनोव्हायरस (हिपॅटायटिस ह्याच्यामुळेच होतो) आहे का ते बघा, आणि उंदीर, साचलेलं पाणी, चिखल असा भाग असेल तर लेप्टो.

पार्वो हा १९७८ मध्ये ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला, मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या व्हायरसचा हा सख्खा नातेवाईक. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या आणि बोनमॅरोच्या पेशी, म्हणजे ज्या भराभर वाढतात नेमक्या त्याच तो मारतो, म्हणून एकीकडे रक्ताचे जुलाब आणि दुसरीकडे पांढऱ्या पेशी संपलेल्या, लढायला सैन्यच नाही. आणि चिवट किती तर जमिनीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभर टिकतो, साध्या फिनेलने मरत नाही. घरात पार्वो होऊन गेला असेल तर आधी घाण पूर्ण धुऊन काढायची आणि मग ब्लीच, एक भाग ब्लीच तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. तरीही अशा घरात नवीन पिल्लू आणायचं तर त्याचा कोर्स पूर्ण झाल्यावरच आणा, मी तर म्हणेन तोवर मोह आवरा.

डिस्टेंपर हा गोवराच्या व्हायरसच्या खानदानातला. आधी ताप, डोळ्या-नाकातून चिकट पू, खोकला, मग वाटतं बरं झालं, आणि काही आठवड्यांनी डोक्याकडे जातो, एक पाय सारखा तालात उडत राहतो, झोपेतसुद्धा, जबडा चघळल्यासारखा हलतो, मग फिट्स. एकदा बघितलेला माणूस लसीवर वाद घालत नाही. हिपॅटायटिस लसीमुळेच आता कमी दिसतो.

लेप्टो हा बॅक्टेरिया, उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या लघवीतून पाण्यात येतो, किडनी आणि लिव्हर खातो, आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो. ह्याचे दोन डोस २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने आणि मग दरवर्षी. इथे एक खाच आहे: लेप्टोचा एकच डोस देऊन काही होत नाही, आणि बूस्टर बराच काळ चुकला तर परत दोन डोसपासून सुरुवात.

केनेल कफची लस बोर्डिंग, डे-केअर, शो, ट्रेनिंग क्लास असं जिथे दहा कुत्री एकत्र येतात तिथे जाणाऱ्यांसाठी. नाकात थेंब टाकतात त्या प्रकाराने नंतर दोन-चार दिवस शिंका येऊ शकतात, घाबरायचं नाही.

रेबीजबद्दल थोडं जास्त

लक्षणं सुरू झाली की उपाय नाही, कुत्रा असो मांजर असो माणूस असो. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज, वर्षाला साधारण ५९ हजार माणसं ह्याने मरतात, आणि माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांमुळे, त्यात साधारण ४० टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं. आणि हाच रोग कुत्र्यांना लस देऊन थांबवता येतो, एखाद्या भागातली ७० टक्के कुत्री लसवंत झाली की साखळी तुटते. म्हणजे तुमच्या बंगल्यातल्या लाडोबाची रेबीजची लस ही गल्लीतल्या पोरांसाठीपण आहे. पाश्चरने माणसावर पहिली रेबीजची लस १८८५ मध्ये वापरली, इतकी जुनी गोष्ट आहे ही, आणि त्याच्या स्मृतिदिनी, २८ सप्टेंबरला, जागतिक रेबीज दिन असतो. ती तारीख चांगली आहे लक्षात ठेवायला, कार्ड बाहेर काढून बघायचा दिवस म्हणून.

लस टोचली की दुसऱ्या दिवशी संरक्षण सुरू असं नसतं. पहिल्या रेबीज डोसनंतर तीन-चार आठवडे धरा. प्रवासाला नेणार असाल तर हे आधीपासून मोजायला लागतं, युरोपियन युनियनमध्ये तर मायक्रोचिप आधी बसवलेली हवी, मग लस, मग २१ दिवस. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरतच नाहीत, परत टोचा.

आणि कुणाला चावलाच, तुमचा असो वा अनोळखी, तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि माणसाच्या डॉक्टरकडे जा. "आमच्या कुत्र्याला लस आहे" हे डॉक्टरांना जरूर सांगा, कार्ड दाखवा, पण पुढे काय करायचं तो निर्णय त्यांचा. चावणारा कुत्रा किंवा मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवतात त्याचं कारण असं की लाळेत व्हायरस लक्षणांच्या जेमतेम काही दिवस आधी येतो, दहा दिवस धडधाकट राहिला तर चावला त्या दिवशी लाळेत नव्हता. पण इंजेक्शनं सुरू करायला हे दहा दिवस थांबायचं नसतं. उलट तुमच्याच कुत्र्याला बाहेरचं काही चावलं तर लस झालेली असली तरी त्याच दिवशी व्हेटकडे, तिथे बूस्टर देतात.

मांजरवाल्यांनो, तुम्ही सुद्धा

मांजरांच्या लसी सगळ्यात जास्त राहतात. कारण एकच, "ती घरातच असते". असू दे घरात. पॅनल्युकोपेनियाचा व्हायरस तुमच्या चपलेला, कपड्याला, पिशवीला लागून घरात येतो, पार्वोचाच भाऊबंद तो, तितकाच चिवट. आणि रेबीजचं म्हणाल तर वटवाघूळ खिडकीतून आत येतं हे काय अगदीच न होणारं आहे का, आलं तर पहिली उडी कोण मारणार.

माझ्याकडे एक पिल्लू होतं, पांढरं-करडं, बशीतलं दूध प्यायला निघालं की आधी डावीकडे झोकांडी, मग उजवीकडे, मग तोंड बशीच्या पलीकडे जमिनीवर. आम्हाला वाटलं पडलं असेल कुठून. डॉक्टर म्हणाले आई गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया झालेला असणार, पोटातल्या पिल्लांचा लहान मेंदू, म्हणजे तोल सांभाळणारा भाग, वाढत नाही नीट. दुखत नाही त्याला, त्रास वाढतही नाही पुढे, पण आयुष्यभर दारू प्यायल्यासारखी चाल. आईला लस असती तर हे झालं नसतं. (आणि हो, गाभण मांजरीला किंवा कुत्रीला जिवंत व्हायरसवाली लस द्यायची नाही, तीच अडचण होऊ शकते. लस गाभण राहायच्या आधी.)

मांजराच्या मुख्य लसीत तीन गोष्टी, पॅनल्युकोपेनिया, आणि सर्दी-शिंकांचे दोन व्हायरस हर्पीस आणि कॅलिसी, म्हणून थ्री इन वन म्हणतात. तारखा कुत्र्यासारख्याच, ६ ते ८ आठवड्यांपासून दर २-४ आठवड्यांनी, १६ आठवडे ओलांडेपर्यंत, मग सहा महिन्यांचं झाल्यावर, आणि रेबीज वेगळं. हर्पीस आणि कॅलिसीच्या लसीबद्दल खरं सांगायचं तर त्या रोग पूर्ण अडवत नाहीत, सौम्य करतात. लस दिलेली मांजर शिंकली की "लस फेल" म्हणून बोंब मारू नका, न दिलेल्या मांजरीचे डोळे चिकटलेले, जिभेवर फोड, खाणं बंद, ते बघा एकदा. हर्पीस तर एकदा शरीरात गेला की कायमचा दडून बसतो, घर बदललं, नवीन मांजर आणलं, की ताण येऊन परत डोकं वर काढतो.

बाहेर फिरणाऱ्या मांजराला फेलाइन ल्युकेमियाचीही (मांजराकडून मांजराला लागणारा व्हायरस) लस बघा, लहान पिल्लांना ह्याचा धोका जास्त, पण आधी रक्ताची टेस्ट करून, ज्याला आधीच झालाय त्याला लसीचा उपयोग नाही.

आणि मांजराच्या बाबतीत टोचायची जागा महत्त्वाची. फार क्वचित, साधारण दहा हजारात एखादीला किंवा त्याहून कमी, टोचलेल्या जागी काही महिन्यांनी-वर्षांनी गाठ होते, कॅन्सरची. म्हणून मानेमागे न टोचता पायात खाली किंवा शेपटीत टोचायची पद्धत आली, गाठ झालीच तर कापून काढता यावी म्हणून. नियम सोपा आहे, ३-२-१: गाठ तीन महिन्यांनंतरही असेल, किंवा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा टोचल्यानंतर एक महिना उलटूनही वाढतच असेल, तर तपासून घ्या. कुठल्या पायात टोचलं ते कार्डावर लिहून घ्या, मी पेनाने छोटं "उजवा मागचा" असं लिहिते.

त्या दिवशी काय करायचं

आठवडाभर आधी जंताचं औषध झालेलं बरं, पोटात जंत घेऊन खंगलेल्या पिल्लाचं शरीर लसीला नीट उत्तर देत नाही. ताप, जुलाब, मलूल असेल तर लस पुढे ढकला, पण डॉक्टरांना दाखवून ढकला, आपल्या मनाने नाही, आणि ढकलली की नवी तारीख तिथेच ठरवा. मांजराचं कॅरियर आदल्या रात्री माळ्यावरून काढलंत तर सकाळी मांजर पलंगाखाली आणि तुमचे हात ओरबाडलेले, ते आठवडाभर आधीच हॉलमध्ये उघडं ठेवा, आत तिची जुनी चादर टाका, झोपू दे तिथे.

क्लिनिकमध्ये बघायचं ते असं. लस फ्रिजमधून निघते ना? २ ते ८ डिग्री लागतात, बाहेर तापली तरी गेली आणि बर्फ झाली तरी गेली. म्हणून "मी दुकानातून आणून घरीच टोचतो" हे करू नका, दुकानाच्या फ्रिजमधून तुमच्या खिशात आणि तिथून घरी, त्या लसीचं काय झालंय ते दिसत नाही, पाणी टोचल्यासारखंच असू शकतं, वर रिअ‍ॅक्शन आली तर हाताशी औषध नाही. मुख्य लसीची एक छोटी बाटली असते, तळाशी पांढरी वडी, दुसऱ्या बाटलीतलं पाणी त्यात सोडून हलवलं की विरघळते, आणि हे तुमच्यासमोर टोचायच्या जरा आधी व्हायला हवं, सकाळी मिसळून ठेवलेली नको. मग डॉक्टर बाटलीवरचं स्टिकर सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी. ते स्टिकर मागून घ्या, नुसती सही नको. मैत्रिणीच्या पिल्लाच्या कार्डावर, ज्याच्याकडून आणलं त्याने दिलेलं कार्ड, पहिल्या डोससमोर फक्त तारीख होती आणि एक गिचमिड, स्टिकर नाही, म्हणजे तो डोस खरंच झाला होता का देव जाणे. असं कार्ड हातात आलं तर तो डोस झालाच नाही असं धरून चाला.

अर्धा डोस प्रकार नाही. चिहुआहुआ असो की ग्रेट डेन, बाटली पूर्ण. लस औषधासारखी वजनावर नसते, शरीराला ओळख पटायला ठराविक मात्रा लागतेच. छोट्या कुत्र्याला एकाच दिवशी तीन-चार इंजेक्शनं दिली तर रिअ‍ॅक्शनची शक्यता वाढते हे खरंय, त्यावर उपाय डोस कमी करणं नाही, लसी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या दिवशी घेणं.

टोचून झाल्यावर वीस-तीस मिनिटं तिथेच बसा. कंटाळा येतो, बसा. तोंड सुजणं, अंगावर गांधी, सारख्या उलट्या, हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप, हे बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांत ते तासांत दिसतं आणि तिथे असाल तर एका इंजेक्शनचं काम असतं. घरी गेल्यावर दिसलं तरी तसंच परत या, सकाळपर्यंत वाट बघू नका. असं झालं तर कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी डॉक्टर तयारीत राहतात.

बाकी एक-दोन दिवस सुस्त, जेवण कमी, जागा दुखरी, हे नॉर्मल. अंग गरम लागलं म्हणून घरातली माणसांची तापाची गोळी द्यायची नाही, अजिबात नाही, पॅरासिटामॉलने मांजर मरतं आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते. आंघोळ दोन-तीन दिवस राहू द्या.

डोस चुकला, वय माहीत नाही, रस्त्यावरून उचललं

पिल्लाचा डोस चार आठवड्यांच्या वर लांबला तर रडत बसू नका, उद्या जा, आणि तिथून पुढे २ ते ४ आठवड्यांनी अजून एक देऊन घ्या. मोठं कुत्रं किंवा मांजर आणलंय आणि मागचं काहीच माहिती नाही, तर लस झालेलीच नाही असं समजून सुरुवात, मांजराला दोन डोस, कुत्र्यालाही बरेच डॉक्टर दोन देतात, २-४ आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीज. आधी झालेली असली तर एक जादा डोसने काही बिघडत नाही. घरात आधीचं जनावर असेल तर नवीन आलेल्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी वेगळी. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला परत लस द्यायची का असा प्रश्न पडला तर टायटर टेस्ट नावाची रक्ताची तपासणी असते, डिस्टेंपर, हिपॅटायटिस आणि पार्वोच्या अँटिबॉडीज आहेत का कळतं, त्यावर डॉक्टर ठरवतात. रेबीजला बहुतेक ठिकाणी कायद्याला ती चालत नाही, लसच लागते.

मधल्या काळात पिल्लाला बाहेर न्यायचं का? अनोळखी कुत्री हगतात-मुततात तिथे जमिनीवर सोडायचं नाही, कोर्स संपेपर्यंत. पण घरात कोंडूनही ठेवायचं नाही, तीन ते चौदा आठवडे हेच वय असतं जग बघायचं, आणि तेव्हा न बघितलेलं पिल्लू पुढे भित्रं नाहीतर चावरं होतं. कडेवर घेऊन फिरवा, गाडीत बसवा, हॉर्न ऐकवा, छत्री उघडून दाखवा, ज्या मित्राच्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत त्याच्या घरी न्या. आठ किलोचं झालेलं पिल्लू कडेवर घेऊन फिरताना लोक हसतात, मला हसलेत, कंबरही दुखते, पण दीड-दोन महिन्यांचाच प्रश्न असतो.

आता शेवटचं काम, आणि हे क्लिनिकमधून पाय बाहेर टाकायच्या आधी करायचं. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो, घरातल्या अजून एकाला पाठवा, कार्ड हरवतं नाहीतर पिल्लूच खातं (हसू नका, आमच्याकडे खाल्लंय). आणि पुढच्या डोसचा रिमाइंडर दोन लावा, एक आठवडाभर आधीचा, एक आदल्या दिवशीचा, आणि रिमाइंडरमध्ये "लस" एवढंच न लिहिता कितवी, कुठली आणि त्या दिवशी वय किती आठवडे असेल तेही लिहा. मैत्रिणीच्या फोनमध्ये तेव्हा फक्त "व्हेट?" असं होतं, प्रश्नचिन्हासकट.